रक्कम ठरलेली असते, मग सही अडते कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं कॉलेजची मुलं निवडतात त्यात, निवडलेल्या मुलाला किती पैसे मिळणार हे त्याच्या क्रमांकावरूनच ठरतं. मग २०२५ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सनं निवडलेला शेमार स्टुअर्ट तीन महिने सही न करता का बसला? त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या फेरीतली तीस मुलं एकाच वेळी का अडली? आणि ‘पूर्ण हमीचा करार’ म्हटल्यावर वाद उरतोच कशाला?

मी गेली अठरा वर्षं अमेरिकेत खेळाडूंचे करार वाचून देण्याचं काम करतो. मोठ्या एजंट कंपन्यांचे स्वतःचे वकील असतात. माझ्याकडे येतात ते एकट्यानं काम करणारे एजंट, आणि पुष्कळदा मुलांचे आईवडील. या अनुभवावरून सांगतो, आकडा ठरलेला असतो हे खरं आहे. तो आकडा कोणत्या परिस्थितीत हातातून निसटू शकतो, हे मात्र ठरलेलं नसतं. सगळं भांडण तिथे आहे.

आधी आकडा कसा ठरतो ते पाहू, कारण तो समजला की बाकीचं आपोआप उलगडतं. स्टुअर्टची निवड १७ व्या क्रमांकावर झाली. चार वर्षांचा करार, एकूण सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर. त्यातले जवळपास १ कोटी ४ लाख म्हणजे साइनिंग बोनस. आपल्याकडच्या भाषेत उचल म्हणा, आणि ही तुलना पुढे कामाला येईल. पहिल्या वर्षाचा पगार म्हणजे लीगचं किमान वेतन, २०२५ साठी ८ लाख ४० हजार. सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या वर्षाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेच्या, हिशेबात बोनसचे चार समान भाग होतात, म्हणजे वर्षाला सुमारे २६ लाख. ते आणि किमान वेतन मिळून पहिल्या वर्षाचा भार साधारण साडेचौतीस लाख. नवोदितांच्या करारात हा भार दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही, म्हणजे सुमारे ८ लाख ६० हजार. त्यामुळे पगार ओळीनं असे येतात: ८ लाख ४० हजार, १७ लाख, २५ लाख ६० हजार, ३४ लाख ३० हजार. बेरीज करून त्यात बोनस मिळवा, १ कोटी ९० लाखांच्या आसपास पोचाल. वाटाघाटीला आकड्यात जागाच नाही. कोणताही एजंट हे गणित ड्राफ्टच्या रात्रीच करून मोकळा होतो.

हे असं नेहमी नव्हतं. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सेंट लुईस रॅम्सनं सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाखांचा करार दिला, त्यात ५ कोटींची हमी होती. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला कॅरोलायना पँथर्सकडून चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. मधे काय घडलं? २०११ चा लॉकआउट, म्हणजे मालकांनी केलेली टाळेबंदी, आणि त्यानंतर मालक व खेळाडू संघटना यांच्यात झालेला नवा सामूहिक करार. त्याआधी नवोदितांशी खरोखरची घासाघीस चाले. २००७ मध्ये ओकलंड रेडर्सचा जामार्कस रसेल हंगाम सुरू झाल्यावर, सप्टेंबरमध्ये सही करून आला. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा मायकेल क्रॅबट्री तर ऑक्टोबरमध्ये. मालकांना हे नको होतं, आणि एकही सामना न खेळलेल्या मुलांना एवढे पैसे जातात म्हणून संघातल्या जुन्या खेळाडूंनाही ते खटकत होतं. नव्या व्यवस्थेत या मुलांच्या बाजूनं बोलणारं कुणीच नव्हतं, कारण करार झाला तेव्हा ती अजून कॉलेजात होती. ही गोष्ट मला आजही बोचते.

आकडा बांधला गेल्यावर दोन्ही बाजूंची ताकद कलमांकडे वळली.

‘हमी’ या शब्दाचा अर्थ आधी नीट समजून घ्या. एनएफएलच्या साध्या करारात संघ खेळाडूला त्याचं कौशल्य कमी पडतं म्हणून काढू शकतो, आणि उरलेल्या वर्षांचा पगार देणं लागत नाही. करारावर चार वर्षं लिहिलेली असली तरी बांधील खेळाडूच असतो, संघ नव्हे. हमी या एकतर्फी सुटकेला अडवते. ती तीन प्रकारची लिहितात: कौशल्य कमी पडलं म्हणून काढलं तरी पगार, दुखापत झाली तरी पगार, आणि सॅलरी कॅपमध्ये जागा करायला काढलं तरी पगार. तिन्ही असतील तरच ‘पूर्ण हमी’ म्हणायचं. फक्त दुखापतीची हमी असेल तर धडधाकट मुलाला संघ केव्हाही निरोप देऊ शकतो. म्हणजे पूर्ण हमी असली तरी संघ काढू शकतोच. काढलं तरी पैसे द्यावे लागतात, एवढाच तिचा अर्थ.

आता कसुरीचं कलम. इंग्रजी करारात त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. खेळाडू निलंबित झाला, हंगामाआधीच्या सराव शिबिराला आला नाही, संघाला बाधक वर्तन केलं, मनाई असलेला धोकादायक छंद करताना जखमी झाला, अशा प्रसंगी हमी रद्द होते. हे कलम बहुतेक करारांत असतंच. त्याला माझी हरकत नाही. प्रश्न येतो तो व्याप्तीचा: एका वर्षी कसूर झाली तर त्या वर्षाची हमी जाईल, की पुढच्या सगळ्या वर्षांची?

बेंगल्सना दुसरी आवृत्ती हवी होती. स्टुअर्टचं म्हणणं असं की तुमच्याच संघानं २०२३ मध्ये माइल्स मर्फीला आणि २०२४ मध्ये अमेरियस मिम्सला, दोघेही पहिल्या फेरीचे, ही भाषा लावली नव्हती. मिम्स तर १८ व्या क्रमांकाचा, म्हणजे माझ्या एक पायरी खालचा. मग मलाच का? संघाचं उत्तर होतं की इतर अनेक संघ हीच भाषा वापरतात.

वरच्या आकड्यांवर हे लावून बघा. समजा मुलगा दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला निलंबित झाला. अरुंद कलमात १७ लाखांची हमी जाईल. रुंद कलमात १७ लाख, २५ लाख ६० हजार आणि ३४ लाख ३० हजार, मिळून सुमारे ७७ लाखांची. इथे एक बारकावा वर्तमानपत्रांत नेहमी सुटतो. हमी गेली म्हणजे पैसे गेले असं नाही. तो संघात राहिला तर पगार मिळतच राहील. पण आता त्याला काढायला संघाला काही खर्च येत नाही. चार सामन्यांच्या निलंबनाची शिक्षा भोगून झाल्यावरही तो पुढची दोन वर्षं दर मार्चमध्ये, संघ खेळाडू कमी करतात तेव्हा, आपल्यालाही काढतील या भीतीत झोपतो. शिवाय साइनिंग बोनसचा भागही काही कसुरींत परत मागता येतो, सामूहिक करारातच तशी सोय आहे. म्हणून मघाशी उचल म्हटलं. उचल घेतलेला माणूस पुरा मोकळा नसतो, तसाच हाही नसतो.

एवढ्या मोठ्या पगाराच्या खेळाडूबाबत असं खरंच घडतं का, असं वाटेल. २०१९ मध्ये रेडर्सनं अँटोनियो ब्राउनला बाधक वर्तनासाठी दंड केला, आणि त्या आधारावर जवळपास ३ कोटी डॉलरची हमी रद्द झाली. त्याच दिवशी त्याला संघातूनही मोकळं केलं. तो नवोदित नव्हता, अनेक वर्षांचा नामवंत खेळाडू होता. त्याच्या वागण्याची बाजू मी इथे घेत नाही. मला दाखवायचं आहे ते यंत्र किती वेगानं फिरतं ते: दंडाचं एक पत्र आणि तीन कोटींचा बांध फुटला.

स्टुअर्टची हरकत माझ्या मते योग्य होती. संघानं नवी अट घालायची असेल तर बदल्यात काहीतरी द्यावं, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. बेंगल्सनी आधी तसं काही दिलं नाही. मे आणि जूनमध्ये तो इमारतीत येत होता, बैठकांना बसत होता, मैदानावर मात्र उतरत नव्हता. जूनच्या सराव सत्रातून तो निघून गेला. २५ जुलैला सही झाली. शेवटी भाषा संघाची राहिली, आणि बोनसचे पैसे त्याच्या हाती लवकर पडतील अशी फेररचना झाली. हार की जीत असं मला विचारतात. मी याला किंमत मिळालेली माघार म्हणतो. मेमध्ये हाच सौदा झाला असता तर मुलाचे दोन महिने वाचले असते, आणि याची जबाबदारी मी वयानं आणि अनुभवानं मोठ्या बाजूवर टाकतो. कॉलेजच्या तीन वर्षांत त्याच्या नावावर फक्त साडेचार सॅक होते, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडल्याचे प्रसंग. शरीर अफाट, कसब कच्चं. अशा मुलाला सरावाचा एकेक दिवस मोलाचा असतो. पुढे पहिल्याच हंगामात दुखापतींमुळे त्याचे बरेच सामने बुडाले. त्याचा सहीशी संबंध जोडणं चूक ठरेल, पण गेलेले दिवस भरून काढायची संधी त्यामुळे आणखी आटली हे खरं.

बेंगल्स एवढ्याशा शब्दांसाठी का अडले? पायंड्यासाठी. हा ब्राउन कुटुंबाच्या मालकीचा संघ आहे आणि करारातल्या भाषेबाबत पहिल्यापासून कडक. २००० साली त्यांनी करारांत असं कलम आणलं की संघावर किंवा व्यवस्थापनावर टीका करणाऱ्या खेळाडूचा बोनस रोखता येईल. व्यवस्थापनावर उघड बोललेल्या कार्ल पिकेन्सच्या नावानंच ते ओळखलं जाऊ लागलं. नवोदितांशी ताणाताणीही इथे जुनीच आहे. १९९९ मध्ये अकिली स्मिथ आणि २००९ मध्ये आंद्रे स्मिथ, दोघेही ऑगस्टअखेरपर्यंत बाहेर होते. आंद्रे स्मिथचं तर सही करून आल्यावर काही दिवसांतच पाऊल मोडलं. एकदा स्टुअर्टनं रुंद कलम मान्य केलं की पुढच्या प्रत्येक पहिल्या फेरीच्या मुलासमोर त्याचा करार ठेवता येतो. त्याच्या एजंटलाही हे पक्कं माहीत होतं.

याच जातीचा एक वाद २०१८ मध्ये शिकागो बेअर्सच्या रोकन स्मिथचा झाला. आठवा क्रमांक. त्या वर्षी हेल्मेट खाली करून धडकण्याविरुद्ध नवा नियम आला होता, आणि तो कसा लावला जाईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मैदानावर टॅकल करताना, म्हणजे चेंडूवाल्याला अडवून पाडताना, चुकून नियम मोडला आणि निलंबन झालं तर हमी जाऊ नये, अशी मागणी होती. टॅकल करणं हाच ज्याचा धंदा, त्या लाइनबॅकरनं ही काळजी करायची नाही तर कुणी? १४ ऑगस्टला सही झाली तोवर शिबिराचा मोठा भाग सरला होता.

ऑफसेटबद्दल थोडक्यात. संघानं काढलं आणि दुसऱ्या संघानं घेतलं, तर दुसरीकडचा पगार पहिल्या संघाच्या देण्यातून वजा करायचा की नाही, एवढाच तो मुद्दा. वजावट असेल तर मुलाला हमीइतकेच मिळतात. नसेल तर दोन्हीकडून. २०१६ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सचा जोई बोसा, तिसरा क्रमांक, या वजावटीवरून आणि १ कोटी ७० लाखांच्या बोनसचा किती भाग पुढच्या वर्षी द्यायचा यावरून २९ ऑगस्टपर्यंत बाहेर राहिला. मग स्नायू दुखावला, पहिले चार सामने गेले. तरी उरलेल्या १२ सामन्यांत साडेदहा सॅक करून त्यानं त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा किताब घेतला. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाला चार वर्षांच्या आत काढलं जाण्याची शक्यता फार थोडी असते. म्हणून वजावटीसाठी पूर्ण शिबिर घालवू नका असंच मी सांगतो. बोनसच्या तारखेसाठी मात्र भांडा. आज हातात आलेला पैसा कोणत्याही कलमापेक्षा भक्कम असतो.

आता दुसरी फेरी. २०११ नंतर पूर्ण हमी वरच्या क्रमांकांना होती, मग दरवर्षी एक-दोन पायऱ्या खाली उतरत ती पहिल्या फेरीच्या तळाशी आली. दुसऱ्या फेरीच्या मुलांना साधारण दोन-तीन वर्षांची हमी आणि पुढचं अर्धवट, अशी रीत होती. मे २०२५ मध्ये ह्युस्टन टेक्सन्सनं ३४ व्या क्रमांकाच्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमी दिली, सुमारे १ कोटी १७ लाखांची. दुसऱ्या फेरीत असं कधीच झालं नव्हतं. लगेच क्लीव्हलंड ब्राउन्सना ३३ व्या क्रमांकाच्या कार्सन श्वेसिंगरला तेच द्यावं लागलं, कारण खालच्याला मिळालं ते वरच्याला नाही असं या धंद्यात चालत नाही. आणि मग सगळं गोठलं. उरलेल्या तिसांपैकी कुणीच सही करेना. ३५ व्याचा एजंट म्हणे, मला पूर्ण हवं. ४५ व्याचा एजंट म्हणे, ३५ व्याला काय मिळतं ते आधी बघू. संघही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

किती पैशांसाठी? हिगिन्सचा करार मघाच्याच गणितानं मांडला तर चौथ्या वर्षाचा पगार सुमारे २४ लाख येतो. त्यातला काही भाग आधीच्या रीतीनंही हमीत येत होता. म्हणजे वाद फार तर त्या एका वर्षाच्या तुकड्याचा, आणि तोही मुलगा फसला तरच द्यायचा. २०२५ ची सॅलरी कॅप २७ कोटी ९२ लाख होती. संघांना या तुकड्याचं ओझं नव्हतं, भीती पायऱ्यांची होती. आज दुसरी फेरी, उद्या तिसरी.

कोंडी फुटली ती कॅलेंडरमुळे. चार्जर्स आणि डेट्रॉइट लायन्स यांना ३१ जुलैला कँटनला हॉल ऑफ फेमचा सामना, म्हणजे हंगामाआधीचा पहिला सराव सामना, खेळायचा होता, म्हणून चार्जर्सच्या नवोदितांना इतरांहून आधी, १२ जुलैला बोलावलं गेलं. ५५ व्या क्रमांकाचा ट्रे हॅरिस आलाच नाही. काही दिवसांत न्यू ऑर्लिन्स सेंट्सनं ४० व्या क्रमांकाच्या टायलर शॉला पूर्ण हमी दिली, सुमारे १ कोटी ८ लाख. क्वार्टरबॅकला शिबिराबाहेर ठेवणं कुठल्याच संघाला परवडत नाही. त्यानंतर सह्यांची रांग लागली. वरच्यांना पूर्ण, खालच्यांना उतरत्या टक्क्यांनी.

मालक एकमेकांशी ठरवून हमी दाबतात का, असा प्रश्न त्या उन्हाळ्यात साहजिक होता. २०२२ मध्ये ब्राउन्सनी डेशॉन वॉटसनला २३ कोटींची पूर्ण हमी दिल्यावर इतर मालक अस्वस्थ झाले, आणि खेळाडू संघटनेनं संगनमताची तक्रार केली. लवाद क्रिस्टोफर ड्रोनी यांचा जानेवारी २०२५ चा ६१ पानी निकाल जूनमध्ये बाहेर आला. हमी कमी करा असं लीगनं संघांना सुचवल्याचं त्यात मान्य केलं आहे, पण संघांनी तसं आपसात ठरवलं हे सिद्ध झालं नाही असंही म्हटलं आहे. तो निकाल स्वतः खेळाडूंपासून इतके महिने झाकून राहिला, याचा मला राग आहे. आपल्या मजुरीबद्दलचा निवाडा मजुराला वाचायला मिळालाच पाहिजे.

मुलाच्या हातात शस्त्र कोणतं, हाही प्रश्न येतो. सही नसलेल्याला संघ दंड करू शकत नाही. वसंतातल्या सरावासाठी वेगळा छोटा करार असतो, त्यावर सही केली तर दुखापत झाल्यास संघ हात झटकू शकत नाही. मी बहुतेकांना तो करून मैदानावर जायला सांगतो, पण त्याची भाषा शब्दन् शब्द तपासूनच. हंगामाच्या दहाव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारपर्यंत सही नसेल तर ते वर्ष बाद, आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये पुन्हा उभं राहता येतं. १९८६ मध्ये टँपा बेनं पहिल्या क्रमांकावर निवडलेला बो जॅक्सन सही न करता बेसबॉलकडे गेला आणि पुढच्या वर्षी रेडर्सनं त्याला सातव्या फेरीत घेतलं. पण त्याच्यापाशी दुसरा खेळ होता. बाकीच्यांपाशी फक्त वेळ असतो, आणि तोही तुटपुंजा: खेळाडू संघटनेच्या मते या खेळातली सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची. सही केल्यावर तर तिसरा हंगाम संपेपर्यंत नवोदिताला करार बदलूनही घेता येत नाही. म्हणून मे ते जुलै हे तीनच महिने त्याच्या शब्दाला वजन असतं, आणि त्या महिन्यांत अडून बसलेल्या मुलाला लोभी म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

काही वर्षांपूर्वी एक आई मुलाचा करार घेऊन माझ्याकडे आली होती. मुलगा मधल्या फेरीतला. तिनं आकड्यावर बोट ठेवून विचारलं, ‘हे माझ्या मुलाचे झाले का?’ मी तिला बोनसची रक्कम दाखवली आणि म्हटलं, यातले बरेचसे झाले. मग पगाराच्या चार ओळी दाखवल्या आणि म्हटलं, हे अजून नाहीत. संघानं पाठवलेल्या मसुद्यात कसुरीच्या यादीत ‘संघाच्या मते अयोग्य वर्तन’ असे मोघम शब्द होते. हमी लहानशीच होती, तरी तेवढे चार शब्द काढायला आम्हाला नऊ दिवस लागले. तुमच्या ओळखीत कुणाचा मुलगा या उंबरठ्यावर असेल तर त्याला सांगा, आकड्याचं पान शेवटी वाच. आधी कसुरीची यादी, मग व्याप्तीचं वाक्य, मग बोनसच्या तारखा. आणि ‘संघाच्या मते’ हे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे पेन्सिलीनं खूण करून ठेव.